पेटी ३,९०० ची, विमान उडालं १४,१८० ला

रिमोटवर उडवायच्या फोमच्या विमानाचं किट घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. आधी स्टार सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. पाचपैकी तीन. फोमच्या कटिंगला पैकीच्या पैकी, मोटरला बरे मार्क, आणि पेटीवर जो 'कंप्लीट बिगिनर कॉम्बो' असा ठसठशीत शब्द छापलाय त्याला शून्य. कारण पेटी आली ३,९०० ला आणि विमान हवेत गेलं तेव्हा डायरीतली बेरीज होती १४,१८०. डायरी ठेवायची कारण बायकोने विचारलं की आकडा लगेच तोंडावर पाहिजे, आणि खोटा सांगायचा असला तरी खरा आपल्याला माहीत पाहिजे ना.

सेलरचं नाव लिहीत नाही, ऑनलाइन हीच पेटी पाच-सहा जण वेगवेगळ्या नावाने विकतात, फोटो तोच, निळ्या आकाशात पांढरं विमान आणि खाली गवतावर हसणारं गोरं कुटुंब.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत, सीएनसी मशीनवर. हे काम सुरू झालं भाच्यामुळे. ताईचं घर ओझरला, तिथे सुखोई डोक्यावरून गेलं की वाक्य अर्धवट सोडून थांबायचं आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलायचं ही घरची पद्धतच आहे. तिथल्या एचएएलच्या, म्हणजे सरकारी विमान कंपनीच्या, कारखान्यात आधी मिग-२१ बनायची, मग सुखोई-३० आली, त्यामुळे नववीतल्या पोराला विमान म्हटलं की तेच दिसणार. दिवाळीच्या सुट्टीत आला तो सरळ मोबाइल पुढे करून, "मामा, हे घेऊ." बघतो तर दोन शेपट्यांचं फोमचं सुखोई, मागे पंखा. म्हटलं बाबा, सायकल शिकायची तर बुलेटवर बसून नाही शिकत. रुसला. पण कॉलेज रोडच्या मागे एक छोटं दुकान आहे, इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टचं सामान घ्यायला येतात ते, तिथल्या दादांनी त्याला काउंटरवर कागद ठेवून समजावलं की पंख वर असलेलं विमान घे, म्हणजे धड पंखाखाली लोंबकळतं आणि आपोआप सरळ व्हायला बघतं, पंखांची टोकंही जरा वर उचललेली असू दे, एक बाजू झुकली तर विमान स्वतःच सावरतं. आणि जाड पंख घे, हळू उडतं. हळू उडणं नवशिक्याला का पाहिजे तर चूक कळायला आणि दुरुस्त करायला मध्ये दोन सेकंद मिळतात, जेटच्या आकाराच्या विमानात ती चूक जमिनीवर पोचल्यावरच कळते. पोराला पटलं. मामाचं नाही पटलं, दुकानदाराचं पटलं.

तर किट. ११० सेंटीमीटर पंखांचं, वर पंख असलेलं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान. पेटीत पाच मिलिमीटर फोमच्या शीट, लेझरने कापलेल्या, एक कार्बनची नळी पंखात घालायला, प्लायवूडचं मोटर माउंट, ए२२१२ साइजची १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे काय ते पुढे येतंय), मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे चार निळे सर्वो, १०४५ साइजचा एक प्रॉपेलर, तारा, त्या पट्ट्यांना अडकवायचे प्लास्टिकचे हॉर्न, स्क्रूची पुडी. कटिंगबद्दल खरंच बोलायला पाहिजे. मी दिवसभर मायक्रोमीटर हातात घेऊन बसणारा माणूस, फोमकडून माझी काहीच अपेक्षा नव्हती, पण खाचेत जीभ अशी बसत होती की गोंद न लावताच धड उभं राहिलं. कडेला थोडा जळकट वास आणि पिवळसर रेघ, ती लेझरची असतेच. पंखाचे दोन भाग जोडले तर मधल्या फटीत कागदसुद्धा जाईना.

काय नव्हतं ते सांगतो, कारण पैसे तिथे गेले. रिमोट आणि रिसीव्हर नाही, ५,२००. बॅटरी नाही, १,७५०. चार्जर नाही, १,९००, आणि त्या चार्जरला वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो हे चार्जर घरी आल्यावर कळलं, ४००. बॅटरी उतरली की वाजणारा भोंगा १५०, जादा प्रॉप चार, ३२०, बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर आणि दोन्ही एलेरॉनला (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) जोडायची वाय केबल मिळून १३०, ग्लू गनच्या कांड्या, टेप, रबर बँड ३५०, रिमोटचे चार सेल ८०. झाली बेरीज. कंप्लीट म्हणजे काय हो मग? लग्नात मांडव, मंडप, अक्षता सगळं आमच्याकडे, फक्त नवरा-नवरी तुमचे, असं झालं हे.

वजनातही गंमत. लिस्टिंगमध्ये ६०० ग्रॅम लिहिलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तयार विमान ठेवलं तर ७३५. बॅटरी काढून ठेवलं तर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे त्यांनी बॅटरी धरलीच नव्हती, विमान काय फुंकर मारून उडवायचं होतं काय माहीत. ७३५ ला ही मोटर कमी पडत नाही, अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे अर्ध्या जोरावर, आरामात उडतं, तक्रार फक्त छापील आकड्याची आहे.

बांधणीत पहिला गोंधळ गोंदाचा. मॅन्युअल म्हणजे एक चार घड्यांचा कागद, एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला चित्रं. चित्रात गोंदाची बाटली दाखवलीय, कुठला गोंद ते नाही. घरात झटपट चिकटणारा होता, चपला-खेळणी चिकटवतो तो, म्हटलं दोन थेंब टाकू. शेपटीच्या खाचेत टाकले. आधी काही झालं नाही. मग एक बारीक 'स्स' असा आवाज, आणि आमच्या डोळ्यांदेखत फोम असा आत बसायला लागला जसा गरम वाटीखाली बर्फ बसतो, पाच सेकंदात एक रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा. भाचा म्हणाला, "मामा, ऍसिड टाकलं का?" तर हे लक्षात ठेवा, असले इन्स्टंट ग्लू थर्माकोलच्या जातीच्या फोमला खातात, आणि तो पिवळा रबरी वासाचा गोंद असतो चामड्या-रेक्झिनला लावायचा, तोही खातो, त्यातल्या सॉल्व्हंटमुळे. फोम-सेफ म्हणून वेगळा मिळतो पण कशाला, ग्लू गन पुरते, आणि जिथे ताकद पाहिजे, म्हणजे मोटर माउंट आणि पंखाचा जोड, तिथे दोन ट्यूबचा इपॉक्सी. ग्लू गनही फार तापलेली असली तर फोम वितळवते, कांडी बाहेर येऊन दहाएक सेकंद थंड होऊ द्यायची मग लावायची. आणि गोंद म्हणजे वजन. भाच्याने पहिल्या दिवशी धडाच्या आत अशी सढळ हाताने गन चालवली की नंतर मी ब्लेडने पन्नास ग्रॅमच्या वर खरवडून काढला.

बिजागऱ्या टेपच्या. एलेरॉन, एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी), रडर (शेपटीची उभी पट्टी), तिन्हीकडे फोमच्या कडेला ४५ अंशात तिरपा काप आहे आणि वरून टेप, बस. नाजूक दिसतं पण वीसेक उड्डाणांत एकही सुटली नाही. सर्वो मात्र चारातला एक पहिल्या दिवसापासून थरथरत होता, मच्छर चावल्यासारखा, मध्यभागी स्थिर राहीचना. आत प्लास्टिकची चाकं असतात या सर्वोंना, एकदा पंख जमिनीला घासला की दात तुटतात, तर किमान एक जादा घालायला काय जात होतं. मी तो बदलून घेतला, दुकानवाल्या दादांनी त्यांच्याकडचा तपासून दिला, त्याचे पैसे वरच्या बेरजेत नाहीत कारण ते त्यांनी घेतलेच नाहीत.

आता मोटर माउंट. इथे मी माझ्या धंद्यामुळे मेलो. प्लायवूडची ती चकती बसवली, मोटर लावली, समोरून बघितलं तर मोटर वाकडी. जरा उजवीकडे आणि जरा खाली, दोन अंश असेल. माझ्या डोक्यात लगेच, बघ, एवढं चांगलं कटिंग करून शेवटी माती खाल्लीच, क्वालिटीवाल्याने हा पीस पास केलाच कसा. मग मी एम३ चे पातळ वॉशर आणले, दोन इकडे एक तिकडे लावून गुण्या धरून मोटर अशी सरळ केली की कंपनीत दाखवली असती तर शाबासकी मिळाली असती. भाच्यालाही लेक्चर दिलं, काम असं करायचं असतं वगैरे. त्याचं पुढे काय झालं ते येतंय.

ईएससीच्या तारा उघड्या. म्हणजे बॅटरीकडच्या दोन जाड सिलिकॉन वायर नुसत्या छिलून पाठवल्यात, कनेक्टर तुमचा तुम्ही लावा. बिगिनर म्हणे. ज्याच्या घरी सोल्डरिंगचं काही नाही त्याने काय करायचं? मी एमजी रोडला एका मोबाइल रिपेअरवाल्याकडे नेलं, पोरगा भला होता, पण त्याची गन मोबाइलच्या बारीक कामाची, त्या जाड तारेने सगळी उष्णता ओढून घेतली आणि डाग बसला तो दाणेदार, राखाडी, घरी येऊन ओढलं तर तार हातात. शेवटी कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनने ६० वॉटच्या गनने दोन मिनिटांत करून दिलं. त्याने एक युक्ती केली ती सांगण्यासारखी आहे, एक्सटी६० ला दुसरी बाजू जोडून ठेवली आणि मग तापवलं, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन आतल्या पिना तिरक्या होतात आणि नंतर कनेक्टर बसत नाही. डाग चकचकीत, आरशासारखा दिसला पाहिजे. आणि लाल-काळी उलटी लागली तर ईएससी त्याच क्षणी गेला, धूर काढून. दोनदा बघा, मग तिसऱ्यांदा दुसऱ्याला बघायला सांगा.

रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६ घेतला. ह्याच्यावर कुणाशीही वाद घालायला तयार आहे. पहिल्यांदा आम्ही चार चॅनलचा, म्हणजे चार हालचालींचा, खेळण्यातला कुठलातरी हजार रुपयांचा बघत होतो, दादा म्हणाले, विमान पडणारच आहे, आज नाही तर परवा, पडल्यावर काय उरतं त्यात पैसे घाला. एकदम बरोबर. २.४ गिगाहर्ट्झ, सहा चॅनल, आणि वीस मॉडेलच्या सेटिंग सेव्ह राहतात, म्हणजे पुढची दहा वर्षं भाच्याने जे काय उडवायचं ते यावरच. साधे पेन्सिल सेल लागतात चार. चालू करताना थ्रॉटल वर राहिला असेल तर ओरडतो आणि पुढे जाऊ देत नाही, ही चांगली सवय लावतो. एलेरॉनला एक्स्पो लावा थोडा, म्हणजे स्टिक मधल्या भागात मवाळ होते, नवशिक्याचा हात थरथरला तरी विमान थरथरत नाही. आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सेटिंग, लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. प्रॉपेलर काढून ठेवायचा, मोटर थोडी चालवायची आणि रिमोट बंद करून टाकायचा, मोटर आपोआप थांबली पाहिजे. नाही थांबली तर सिग्नल तुटल्यावर तुमचं विमान फुल स्पीडने कुणाच्या तरी ओसरीवर जाणार. घरात कुठलंही टेस्टिंग करताना प्रॉप काढलेला पाहिजे हा नियम तर काळ्या दगडावरची रेघ समजा. हा दहा इंची पंखा १००० केव्हीच्या मोटरवर फिरतो, केव्ही म्हणजे दर व्होल्टला मोकळ्या मोटरचे फेरे, ११.१ व्होल्टला हिशोब करा, मिनिटाला अकरा हजार. प्रॉप लावल्यावर कमी होतात पण बोट उडवायला पुरून उरतात.

बॅटरीबद्दल किटच्या कागदावर एक अक्षर नाही आणि हे मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण अख्ख्या छंदात घर जाळू शकणारी वस्तू ही एकच आहे. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), २२०० एमएएच, २५ सी. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते, २.२ ला २५ ने गुणा, ५५ अँपिअर, आपली मोटर पंधराच्या आसपास ओढते, म्हणजे जास्त सी वाली महाग घेण्याची काही गरज नाही. कुरिअरने यायला नऊ दिवस लागले, असल्या बॅटऱ्या विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात, तेव्हा सगळ्यात आधी ऑर्डर बॅटरीची टाका. एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, तिन्ही मिळून १२.६. साडेतीनच्या खाली जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी तो दीडशेचा भोंगा, पांढऱ्या बारीक कनेक्टरला लावायचा, असा बोंबलतो की शेजारच्या शेतातला माणूस बघतो. चार्जर बॅलन्सवालाच पाहिजे, तिन्ही सेल सारखे भरणारा. २.२ अँपिअरला लावला की तासाभरात काम होतं. आठवडाभर उडवणार नसाल तर भरलेली ठेवू नका, रिकामीही नको, सेलला ३.८ वर ठेवायची, चार्जरमध्ये स्टोरेज म्हणून पर्याय असतोच. फुगली की संपली, टोचून बघू नका. मी चार्जिंग गॅलरीत फरशीवर, तुळशीची जुनी मातीची कुंडी होती रिकामी, तिच्यात ठेवून करतो आणि तेवढा वेळ तिथेच बसतो. आई विचारते, काय उगवणारे त्यातून.

उडवायच्या आधी बॅलन्स. पंखाची रुंदी १८ सेंटीमीटर, पुढच्या कडेपासून साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांवर विमान तोललं गेलं पाहिजे, म्हणजे साडेचार ते साडेपाच. मी पंखाखाली दोन्ही बाजूंना पाच सेंटीमीटरवर पेनाने टिंब केलं आणि दोन बोटांवर उचललं. शेपूट धपकन खाली. बॅटरी पुढे सरकवत सरकवत पार मोटरच्या भिंतीला टेकली तेव्हा नाक किंचित खाली झुकलं. आपण नाशिककर, संक्रांतीला येवल्याची आसारी (मांज्याची फिरकी) हातात घेऊन वाढलेले, पतंगाचं मंगळसूत्र, म्हणजे कन्नी, अर्ध्या बोटाने चुकलं तर पतंग गोत खातो हे कुणी शिकवायला लागत नाही, हे तेच आहे. फक्त इथे ढील देऊन सावरता येत नाही.

जागा. गंगापूर रोडच्या कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवर उडवू असं डोक्यात असेल तर काढून टाका. एकतर तारा, दुसरं म्हणजे आपल्या शहराभोवती बघा काय काय आहे, ओझरला विमानतळ आणि एचएएल, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. ड्रोन रूल्स २०२१ चे आहेत आणि त्यांत आपलं हे खेळणंही येतं, २५ किलोपर्यंतचं, मजेसाठी किंवा शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं ते मॉडेल, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मंजुरी, लागत नाही, पण झोन लागू होतातच. सरकारच्या डिजिटल स्काय या साइटच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा रंग दिसतो. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगी काढल्याशिवाय नाही, आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यापलीकडे ४०० फूट. भाच्याचं घरच ओझरला, त्यामुळे त्याच्या गच्चीवरून उडवायचा प्रश्नच मिटला, बिचारा रोज डोक्यावरून सुखोई बघणार आणि स्वतःचं उडवायला चाळीस किलोमीटर येणार. आम्ही नकाशा बघून गिरणारेच्या पुढे मित्राच्या काकांचं, अण्णांचं, टोमॅटो काढून झालेलं रान धरलं.

डिसेंबरमधला रविवार, सकाळी साडेसात. निफाडसारखा कडाका नव्हता पण बोटं आखडत होती, बॅटरी मी स्वेटरच्या आत धरून आणली, थंडीत लिपो लवकर मान टाकते. वारा शून्य. भाच्याने रिमोट माझ्याकडे दिला, म्हणाला पहिलं तू पाड. एलेरॉन डावा-उजवा बघितला, एलिव्हेटर वर-खाली बघितला, थ्रॉटल पाऊण, त्याने हातातून सोडलं.

विमान गेलं. आणि डावीकडे वळायला लागलं. मी उजवीकडे स्टिक दिली, ते नाक वर करून डावीकडेच. थ्रॉटल वाढवला तर आणखी वर, आणखी डावीकडे, मग हवेत उभंच राहिल्यासारखं झालं एक क्षण आणि पंख टाकून टोमॅटोच्या सरीत नाकावर. सहा सेकंद असतील. प्रॉप दोन तुकडे, मोटरचा ३.१७ मिलिमीटरचा दांडा वाकलेला, माउंट उखडलेलं. पंख मात्र रबर बँडवर असल्याने उडून शेजारी पडला, ओरखडासुद्धा नाही. पंख स्क्रूने आवळायचे नाहीत ते याच्यासाठी.

रात्री त्या चार घड्यांच्या कागदावर मोबाइलचा टॉर्च मारून बघतोय तर मोटरच्या चित्राशेजारी मुंगीएवढे दोन बाण, एक उजवीकडे, एक खाली, आणि अंशाची खूण. मुद्दाम वाकडी होती हो ती! प्रॉप एका दिशेने फिरतो म्हणून विमान उलट्या बाजूला पिळवटतं, त्याची हवाही गोल फिरत शेपटीवर आदळते, ह्या सगळ्याने डावीकडे ओढ लागते, म्हणून मोटर उजवीकडे झुकवतात, आणि वर पंख असला की थ्रॉटल दिला की नाक वर उठतं म्हणून खाली झुकवतात. मी मायक्रोमीटर लावून ते सगळं निस्तरून ठेवलं होतं. वॉशर काढले. भाचा काही बोलला नाही, नुसतं म्हणाला, "काम असं करायचं असतं." मोटरचा दांडा तेवढ्या किमतीत बदलत बसण्यापेक्षा मोटरच नवी आणली, ४५० ला, हे १४,१८० च्या बाहेरचं.

पुढच्या रविवारी जे उडालं ना. सरळ. हातातून सुटलं आणि रुळावरून गेल्यासारखं चढत गेलं. मी थ्रॉटल अर्ध्यावर आणला तर तिथेच घिरट्या घालणाऱ्या घारीसारखं तरंगायला लागलं, वळवायचं म्हणजे एलेरॉन थोडा आणि एलिव्हेटर अगदी किंचित ओढायचा. घाबरलो की हात एलिव्हेटर ओढायला जातो, तो जाऊ द्यायचा नाही, नाक वर गेलं की वेग मरतो, आणि वेग मेला की ते विमान राहत नाही. दुसरी गोष्ट, विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भल्याभल्यांची गाळण उडते. तेव्हा जो पंख खाली पडतोय त्याच्याच बाजूला स्टिक ढकलायची, जणू स्टिकचा टेकू लावतोय. भाच्याने हे फोनवरच्या सिम्युलेटरवर पंधरा दिवस घोटलं होतं, त्याला लगेच जमलं. मला अजून अधूनमधून मान वाकडी करून बघायला लागतं. टायमर सात मिनिटांचा, वाजला की उतरायचं, बॅटरीत काही उरलं असलं तरी.

वाऱ्याचं मात्र ऐकायचं. नऊनंतर झाडं हलायला लागली, मी म्हटलं शेवटचं एक. वाऱ्याच्या दिशेने फार लांब गेलं, परतवताना पुढे सरकेचना, आणि अण्णांच्या शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेत मांडवावर जाऊन बसलं. आम्ही पळत गेलो. पंख तारेला लटकलेला, धड खाली वेलींमध्ये, आणि मालक आधीच उभे. "अहो सर, कालच डिपिंग झालंय, घडाला लागलं असतं म्हंजे?" डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं. माफी मागितली. भाचा मांडवाखालून वाकून, एकाही घडाला खांदा न लावता विमान घेऊन आला, तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला. विमान हातात घेऊन उलटंपालटं केलं, वजन बघितलं, म्हणाले, "याला किती लिटर औषध बसतं?" काहीच बसत नाही म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ती बायकोच्या नजरेशी तंतोतंत जुळत होती. आता आम्ही बागेच्या उलट्या बाजूला तोंड करून उडवतो आणि पान हललं की आवरतो.

तर हे किट घ्यावं का. हातात कटर धरता येत असेल आणि घाई नसेल तर नका घेऊ. चौथ्या पडण्यात धड मधून मोडलं तेव्हा आम्ही मेन रोडवरून पाच मिलिमीटरची सनबोर्डची शीट आणली, जुने तुकडे वर ठेवून पेनाने छापले, कापले, सायकलचे स्पोक वाकवून पुश रॉड केले, सगळं मिळून १८० रुपये, तीस-चाळीस ग्रॅम जड झालं पण उडतं तेच. पहिल्यांदा मात्र ते लेझरने कापलेले तुकडे समोर होते म्हणून विमान आतून कसं असतं ते कळलं, तेवढ्यासाठी मला ३,९०० जड वाटले नाहीत. सुटं घेतलं असतं तर मोटर, ईएससी, सर्वो, प्रॉप मिळून पंधराशे-सोळाशेत बसलं असतं, म्हणजे वरचे तेवीसशे फोम आणि कटिंगचे, आणि त्यात एका कनेक्टरला चार थेंब सोल्डर बसत नव्हतं यांना.

तीन स्टार टाकल्यावर सेलरचा मेसेज आला, पाच केले तर दोन प्रॉप फ्री पाठवतो. म्हटलं, प्रॉप नको, मोटरच्या चित्रातले बाण मोठे छापा, साडेतीन करतो. अजून उत्तर नाही.